इटलीहून आलेली माती

१

नळी गेल्याचं गुरुवारी सकाळी कळलं आणि दुपारपर्यंत चोर ठरलासुद्धा. आपल्याकडे चोर ठरवायला फारसा वेळ लागत नाही. सापडायला लागतो.

साल सत्तावन्न. पिंपरीच्या माळावर, रुळांच्या पलीकडे, एक जंतुशाळा होती. गावोगावची माती आणायची, त्या मातीतली बुरशी वेगळी काढायची, वाढवायची आणि तिच्यातून काही औषध निघतं का ते बघायचं, हे तिथलं काम. गावातले लोक म्हणायचे, शिकलेली माणसं पगार घेऊन चिखल बघत बसतात. अगदीच खोटं नव्हतं ते.

फाटकावर अर्जुनराव असत. पूर्वी पुण्याच्या पोलिसात जमादार होते. निवृत्त झाले, त्याच वर्षी बायको सोजराबाई गेली. पोरंबाळं नव्हती. काळेवाडीत एका खोलीत राहायचे, स्वतःची भाकरी स्वतः थापायचे. सहा वर्षं झाली, भाकरी काही अजून गोल झाली नव्हती. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून माणूस फाटकावर दोन तास आधीच येऊन बसायचा. जंतुशाळेत सगळ्यांना वाटे, काय हा कामाचा माणूस!

गुरुवारी कुसुमताई स्वतः फाटकापर्यंत चालत आल्या. कुसुमताई म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञ, चाळिशीच्या, एकट्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"अर्जुनराव, इटलीची नळी नाहीये कपाटात."

"म्हणजे मंगळवारी आली ती?"

"तीच. जगात दुसरी नाही."

अर्जुनराव उठले. फाटकाला साखळी घातली आणि म्हणाले, "बसा. पहिल्यापासून सांगा. मला बुरशीतलं काही कळत नाही, असं धरूनच सांगा."

२

तर झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी चाकणच्या एका कांद्याच्या वाफ्यातल्या मातीत कुसुमताईंना एक पिवळसर बुरशी सापडली. विषमज्वराच्या जंतूला ती जवळ फिरकू देत नव्हती. इटलीत बोलोन्याला तोमासी नावाचे एक म्हातारे प्रोफेसर अशाच बुरशींवर काम करत. दोघांचा पत्रव्यवहार सहा वर्षांचा. भेट एकदाही नाही. ह्या आपल्याला काय सापडलं ते त्यांना कळवायच्या, ते ह्यांना. हातचं राखून ठेवायचं नाही, असा दोघांचा न बोलता ठरलेला करार. कुसुमताईंनी बुरशी आणि ती ज्या मातीत सापडली ती मातीही थोडी त्यांना पाठवली होती.

यंदाच्या उन्हाळ्यात जंतुशाळेची बर्फपेटी बिघडली. बारीक किडे नळ्यांत शिरले आणि इथली सगळी बुरशी नासली. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली. कुसुमताईंनी प्रोफेसरांना लिहिलं, आणि त्यांनी आपल्याजवळची बुरशी परत पाठवली. कोरड्या मातीत मुरवून, काचेच्या नळीत, वर कापसाचा बोळा. कोरड्या मातीत बुरशी वर्षानुवर्षं झोपून राहते.

"त्यांच्याकडे अजून असेल की," अर्जुनराव म्हणाले.

"नाही. त्यांच्याकडची एवढीच उरली होती. माझी गरज जास्त म्हणून सगळी मला दिली त्यांनी." कुसुमताई म्हणाल्या. "सोबतच्या पत्रात एवढंच इंग्रजीत आहे. पुढचं सगळं इटालियन. ते पुण्याच्या पाद्रीबाबांकडे पाठवलंय, शनिवारी वाचून कळवतील."

"पार्सल उघडलं तेव्हा कोण कोण होतं?"

"मी, ज्योतीराम, बर्फपेटी दुरुस्त करायला आलेला इम्तियाज मेकॅनिक आणि काचसामान धुणाऱ्या रहमतबी. मी आनंदानं सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, बघा, इटलीची माती."

"मग कोण काय म्हणालं? हसू नका, आठवून सांगा."

हसण्याच्या परिस्थितीत त्या नव्हत्याच. "ज्योतीरामनं पाकिटावरची तिकिटं मागितली. इम्तियाजनं विचारलं, तिकडून मोटारीही येतात ना? आणि रहमतबी म्हणाल्या, लढाई झाली तीच का इटली? मी हो म्हटलं. मग सगळ्यांनी चहा घेतला."

"कपाटाची किल्ली?"

"खिळ्याला. सगळ्यांना माहीत आहे."

अर्जुनरावांनी कपाळावर हात मारला.

३

ज्योतीराम बीडकडचा. प्रयोगशाळेत मदतनीस. धांदरट इतका की स्वतःचा डबा स्वतःच शोधत फिरायचा. गेल्या वर्षी नोकरीला लागला, बायकोला आत्ताशी गावाहून आणलं होतं, ती गरोदर. मोठ्या साहेबांनी त्याची पेटी उघडायला लावली, तर आत इटलीची कापलेली तिकिटं निघाली. झालं! तिकिटं घेतली, मग नळीही यानंच घेतली. दुसऱ्या कंपनीला विकली असेल. शनिवारी बारापर्यंत नळी आली नाही, तर नोकरी गेली आणि वर पोलीस, असं साहेबांनी सांगून टाकलं.

"जमादारसाहेब, आईची शपथ," ज्योतीराम रडत होता, "तिकिटं घेतली म्या. बायकूच्या ट्रंकंला चिकटवावी म्हनलं. लई चांगलं चित्र हाय त्याच्यावर. पर नळीला हात न्हाई लावला. मला आता गावाकडं कोन तोंड दावू देईल?"

"शेंबूड पूस आधी," अर्जुनराव म्हणाले. पोरगा खोटं बोलत नव्हता. पण पोलिसातल्या तीस वर्षांत खोटं न बोलणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती, तीही आत गेलेली पाहिली होती.

इम्तियाज मेकॅनिक बर्फपेटीखाली आडवा पडून काम करत होता. त्यानं तिथूनच उत्तर दिलं. "साहेब, माझे हात बघा. ह्या हातांनी मी कपाट उघडलं असतं, तर कडीवर पाव शेर ग्रीस सापडलं असतं."

कडी स्वच्छ होती. अर्जुनरावांनी ती आधीच पाहिली होती.

राहिल्या कुसुमताई. हो, जमादार असाच विचार करतो! बुरशी आली, पण ती उगवलीच नाही तर? पहिलं यश खोटं ठरलं तर? अशी भीती वाटून माणसानं स्वतःचीच नळी गायब केल्याचं आजवर घडलं नाही, असं थोडंच आहे? ते कुसुमताईंच्या खोलीत गेले. त्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. टेबलावर कोरं पत्र, वर तीनच शब्द: 'प्रिय प्रोफेसर तोमासी'.

"काय लिहू?" त्या म्हणाल्या. "त्या माणसानं घरातला शेवटचा दाणा दिला आणि तो माझ्या हातून सांडला, हे कसं लिहू? अर्जुनराव, जगात मला माझ्या कामावरून ओळखणारं ते एकच माणूस आहे हो."

एकट्या माणसाचा आवाज अर्जुनरावांना ओळखू यायचा. त्यांनी मनातून कुसुमताईंचं नाव खोडलं.

आता कुणीच उरलं नाही. आणि नळी तर गेलेली.

४

शुक्रवारी सकाळी अर्जुनरावांनी एक खुळ्यासारखं काम केलं. सगळ्या जंतुशाळेतल्या नळ्या बघायला घेतल्या. लोक हसले. जमादार आता काचा मोजणार!

मोजत नव्हते ते. तोंडं बघत होते. जंतुशाळेतल्या नळ्यांच्या तोंडाला बाहेर वळलेला काठ असे. परदेशी नळी सरळ तोंडाची होती, हे कुसुमताईंनी सांगितलं होतं. आणि दहा वाजता ती सापडली. लपवलेली नव्हती, पुरलेली नव्हती. धुतलेल्या नळ्यांच्या लाकडी घोडीवर, चौथ्या ओळीत, आपल्या बहिणींत उभी असावी तशी. लखलखीत. रिकामी. पालथी.

कुसुमताईंनी ती उचलून उजेडात धरली. "धुतली! कुणीतरी फेकून दिली माती!"

"फेकली नाही," अर्जुनराव म्हणाले. "थांबा जरा. विकायची असती तर मातीसकट नळी नेली असती. तुमचं वाईट करायचं असतं तर फोडली असती. हिला सोड्यानं घासलंय, तीन पाण्यांतून काढलंय, पालथी घालून वाळवलंय. ज्योतीराम नळ्या उभ्या ठेवतो आणि त्यावरून तुमच्या शिव्या खातो. इम्तियाजचे हात लागले असते तर बोटं उमटली असती. तुम्ही कधी नळी धुतलीत?"

"नाही."

"म्हणजे ज्याला माती हवी होती, काच नको होती, त्यानं हे केलं. आणि घाईतसुद्धा उष्टी नळी तशीच टाकणं त्याच्या हाताला जमलं नाही. सवयीनं घात केला."

बोलता बोलता त्यांना आठवलं, पार्सलभोवतीचं चौथं माणूस आपण मोजलंच नाही, 'लढाई झाली तीच का इटली?' असं विचारणारं. फाटकावरच्या वहीतलं एक पान त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. बुधवारचं. त्यांच्याच हाताचं. 'रहमतबी, अर्धी रजा, चाकणला जाऊन येते.' नवरा वारला ते दोन दिवस सोडले, तर तीन वर्षांतली त्या बाईची पहिली रजा. बाहेर पडताना रोजच्यासारखा त्यांनी तिचा डबा उघडून पाहिला होता. डबा रिकामा. आणि बाईमाणसाच्या पदराची गाठ कुठला जमादार सोडून बघतो?

"कुसुमताई," ते हळू म्हणाले, "मला तासभर द्या. आणि साहेबांना इतक्यात काही सांगू नका."

५

काचसामान धुण्याची शेड मागच्या बाजूला होती. तिकडे फारसं कुणी जात नसे. रहमतबी मूळची चाकणची, पंचावन्नची, कोपरापर्यंत हात सोड्यानं पांढरे झालेले. नवरा मीरासाहेब चार महिन्यांपूर्वी गेला, तेव्हाही तिसऱ्या दिवशी कामावर हजर होती.

अर्जुनराव एका पालथ्या खोक्यावर बसले. "रहमतबी, तुमचं लेकरू इटलीत गेलं का?"

बाईचे हात पाण्यातच थांबले.

"चांद," ती म्हणाली. "फौजंत मोटार चालवायचा. चव्वेचाळीस साली तार आली. सांग्रो का काय नदी हाय तिकडं, तितं ठेवलाय म्हनं. तुमाला कसं कळलं?"

"नळी चांगली धुतलीत तुम्ही."

तिनं नळ बंद केला. ओले हात पदराला पुसले. रडली नाही. नुसती भिंतीला टेकून बसली आणि सांगू लागली.

"आमच्यात मयताला तीन मुठी माती देत्यात, साहेब. आलेला परत्येक मानूस देतो. वळखीचा नसला तरी देतो. माझ्या पोराला कुनी दिल्या असतील? ह्येंनी तेरा वरसं हाच घोर घेतला. जाताना बी त्येच बोलले, रहमत, पोराला मूठमाती न्हाई दिली आपन. आन मंगळवारी ताई म्हनल्या, इटलीची माती आली. मला रातभर झोप न्हाई. वाटलं, अल्लानंच धाडली. बुधवारी सकाळी काचा गोळा कराया गेले आन काडली. ह्येंच्या कबरीवर तीनदा टाकली. म्हनलं, घ्या, लेकाच्या उशाची माती आली तुमच्याजवळ. आता एकटं नगा वाटून घिऊ."

सोजराबाईची राख अर्जुनरावांनी एकट्यानं इंद्रायणीत सोडली होती. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"त्यात बुरशी होती, रहमतबी. ताईंची दोन वर्षं होती. जगात तेवढीच होती."

"मला न्हाई कळलं ते. नुस्ती मातीच वाटली. मी देईन की कबुली. काडू द्या कामावरनं."

"तुम्हाला नाही काढत. उद्या बाराला ज्योतीरामला काढणार आहेत. पोलिसातही देणार."

बाई ताडकन उभी राहिली. "त्येला? त्येला का? त्येची बायकू पोटुशी हाय!" मागच्या शेडमध्ये बातमी पोचलीच नव्हती. कुणी तिच्याशी बोलतच नसे, मग सांगणार कोण? "चला, आत्ता चला साहेबांकडं!"

"थांबा. आधी सांगा, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा होता. तो कुठंय?"

रहमतबीचा हात आपसूक गळ्याशी गेला. काळ्या दोऱ्यात ताईत होता आणि त्याला बांधलेली, कापूस गुंडाळलेली एवढीशी चिंधी.

"त्येला दोन कन चिकटलेले हायती," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "तेवढे माज्यासाठी ठेवले व्हते. मी मेल्यावर संगं द्या म्हनून."

अर्जुनरावांनी हात पुढे केला नाही. मागितलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मुद्देमाल नको होता.

तिनं स्वतःच दोरा तोडला. चिंधी त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांची मूठ मिटवली. "द्या ताईंना. माजा पोर गेला तो गेला. ज्योतीरामचं यायचं हाय अजून."

६

त्या बोळ्यावरचे दोन कण कुसुमताईंनी सुईच्या टोकानं उचलून काचेच्या बशीत ठेवले. शनिवारी बाराला त्यांनी मोठ्या साहेबांना सांगितलं की नळी चुकून धुण्यात गेली, चूक किल्ली खिळ्याला ठेवणाऱ्या त्यांची स्वतःची, आणि बोळा शाबूत आहे. साहेब चिडले. पण शास्त्रज्ञबाईंना काढता येत नव्हतं आणि मदतनिसाला आता काढायला कारण नव्हतं. ज्योतीराम अर्जुनरावांच्या पाया पडला आणि उठताना एक बशी फोडली. नशीब, दुसरी!

त्याच संध्याकाळी पाद्रीबाबांकडून पत्र मराठीत होऊन आलं. कुसुमताईंनी वाचलं आणि अर्जुनरावांपुढे धरलं.

'ही बुरशी इथल्या मातीत नीट मुरेना,' प्रोफेसरांनी लिहिलं होतं. 'म्हणून तुम्ही पाठवलेल्या चाकणच्या मातीतच ती ठेवली. तुमची लेक तुमच्याच मातीत गुंडाळून माहेरी धाडतो आहे.'

अर्जुनरावांनी दोनदा वाचलं. म्हणजे मीरासाहेबांच्या कबरीवर पडली ती चाकणचीच माती! कबरीपासून दोन मैलांवरच्या कांद्याच्या वाफ्यातली!

"सांगायचं रहमतबींना?" कुसुमताईंनी विचारलं.

"अजिबात नाही," अर्जुनराव म्हणाले. "तुम्ही त्या प्रोफेसरांना एक पत्र लिहा. तारेवर पोराचा फौजेतला नंबर असेल, तो मी आणतो."

मंगळवारी बशीत मोहरीएवढा पिवळा ठिपका दिसला. कुसुमताई त्याच्यापुढे बसून पोरीसारख्या रडल्या.

७

तीन महिन्यांनी बोलोन्याहून दुसरं पार्सल आलं. आत सरळ तोंडाची नळी, वर कापसाचा बोळा आणि चार ओळींचं पत्र. प्रोफेसर बहात्तर वर्षांचे. आगगाडीनं आख्खा दिवस प्रवास करून ते सांग्रोला गेले होते. कबरींच्या रांगेत चांदचा दगड शोधला. त्यावरचं नाव कागदावर उतरवून घेतलं, तिथली माती नळीत भरली. 'आम्ही गेलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं,' त्यांनी लिहिलं होतं. 'म्हणून मी आणि माझ्या सोबतच्या विद्यार्थ्यानं आमच्या रीतीनं नाही, पण तुम्ही पत्रात लिहिलेल्या रीतीनं तीन तीन मुठी माती दिली. आईला कळवा.'

अर्जुनराव ते सगळं घेऊन शेडमध्ये गेले. पाद्रीबाबांनी मराठीत केलेलं पत्र वाचून दाखवलं. नळी तिच्या हातात दिली. कसं सांगायचं ते त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. "आणखी थोडी पाठवलीय त्यांनी. बोळ्याची गेली ना, तिच्याबदली."

रहमतबीनं बोळा काढला. चिमूटभर माती तळहातावर घेतली, अंगठ्यानं चोळली, वास घेतला.

"ही पिवळी हाय," ती म्हणाली. "चिकनी. ही तिकडची. पयली आपली व्हती."

अर्जुनराव चपापले. "तुम्हाला कधी कळलं?"

"कबरीवर टाकली तवाच. जलम गेला माजा त्या मातीत कांदा लावण्यात. मला वळखू येनार न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी तरी कुटं बोललात?" ती पहिल्यांदाच थोडी हसली. "म्हनलं, असू दे. आपली असली तरी ती तितवर जाऊन आली. माज्या पोराच्या मुलखात ऱ्हाऊन आली. मला जाता आलं न्हाई, ती गेली. म्हनून तर तिचं दोन कन गळ्यात बांधलं."

मग तिनं ती सगळी माती कागदावर काढली, घडी घातली आणि पदराला बांधली. नळी सोड्यानं घासली, तीन पाण्यांतून काढली, पालथी घातली. अर्जुनराव बघत राहिले. नळी वाळल्यावर तिनं पदराची दुसरी गाठ सोडली. त्यात काळी माती होती. ती तिनं नीट नळीत भरली, नवा कापूस घेऊन बोळा वळला आणि नळी त्यांच्यापुढे धरली.

"ह्येंच्या कबरीवरची हाय. कवाधरनं बांधून ठेवली व्हती, विचारायचा धीर न्हवता. त्या म्हाताऱ्या साहेबांना म्हनावं, एकदा अजून जाता येईल का? बापाच्या हातची म्हनून चांदला द्यावी."

कुसुमताईंनी ती माती भट्टीत तापवली, नाहीतर कस्टमवाले सोडत नाहीत. पत्र लिहिलं. दुपारी अर्जुनराव चिंचवडच्या पोस्टात गेले. खिडकीतल्या बाबूनं पार्सल उलटंसुलटं केलं.

"आत काय?"

"माती."

"पाठवणार कोण? जंतुशाळा ना?"

अर्जुनरावांनी पार्सलाचा कागद परत घेतला. वर छापलेलं जंतुशाळेचं नाव खोडलं आणि आपल्या जमादारी वळणात सावकाश लिहिलं: रहमतबी मीरासाहेब, चाकण. चांदची आई.